नागपुरात न्यूज स्टुडिओ उभारायचा आहे: एलईडी वॉल घ्यावी की क्रोमा?

नागनदीकाठ
राम राम मंडळी. आम्ही चौघं मिळून नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या बातम्यांचं चॅनेल सुरू करतोय. सुरुवात यूट्यूब आणि शहरातल्या केबलवर. उपग्रह वाहिनीचा विचार सध्या नाही, कारण बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी २० कोटींची नेटवर्थ दाखवावी लागते आणि ती आमच्याकडे नाही.

वर्धा रोडपासून आत दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर हॉल मिळालाय. ३० बाय ३० फूट, स्लॅबची उंची १० फूट, वर गच्ची. रोज संध्याकाळी सातला एक तासाचं बुलेटिन, आठवड्यात दोन चर्चा आणि डिसेंबरात अधिवेशन असेल तेव्हा दिवसभर लाईव्ह, असा बेत आहे. सगळं धरून बजेट ३५ लाख.

एका व्हेंडरने १२ फुटी एलईडी वॉल सुचवलीय, तिच्यातच जवळजवळ निम्मे पैसे जातात. दुसरा म्हणतो, क्रोमा म्हणजे हिरवा पडदा लावा, मागे हवा तो सेट कॉम्प्युटरवर बनवू. काय करावं? ज्यांनी या कामात हात घातलेत त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

तर्री_पोहे
अभिनंदन भाऊ! नागपूरच्या बातम्या नागपुरातूनच दिसल्या पायजे. मुंबईच्या स्टुडिओत बसून लोकं "कोराडी"चं "कोरडी" करून टाकतात.

कॅमेरामागचा
प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. हॉलला खिडक्या किती? बीम किती खाली उतरलेत? आणि विजेचं कनेक्शन थ्री फेज आहे का?

पडदा सगळ्यात शेवटी ठरतो. मी वीस-पंचवीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभा आहे. बहुतेक नवे स्टुडिओ मालक भिंतीवर काय दिसेल यापासून सुरुवात करतात. पण प्रेक्षक बुलेटिनभर बघतो माणसाचा चेहरा, आणि ऐकतो त्याचा आवाज. चेहरा दिव्यांनी घडतो, आवाज खोलीने.

नागनदीकाठ
@कॅमेरामागचा दादा, तीन मोठ्या सरकत्या खिडक्या आहेत, ॲल्युमिनियमच्या. बीम साडेआठ फुटांवर. थ्री फेज घ्यावं लागेल.

आवाजी
खिडक्या ऐकूनच मला काळजी वाटली. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीतून आवाज काचेतून कमी आणि फटींतून जास्त येतो. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. दोन गल्ल्या आत असलात तरी ट्रकची खालच्या पट्टीतली घरघर पोचतेच. शिवाय सोनेगावच्या विमानतळाची दिशा कुठली आहे तेही बघा.

एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण यात लोकांचे पैसे फार वाया जातात. भिंतीवर चिकटवायचा काळा खाचांचा फोम किंवा अंड्यांचे ट्रे बाहेरचा आवाज थांबवत नाहीत. आवाज थांबवायला वजन लागतं आणि हवाबंद सांधा लागतो. फोम फक्त आतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या पट्टीतला. दोन्ही कामं वेगळी आहेत.

तुमच्यासाठी: खिडक्या विटांनी बुजवा. मालक परवानगी देत नसेल तर आतून जिप्समची दुहेरी भिंत उभी करा, दोन थर बोर्ड, मधे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), आणि ती भिंत जुन्या भिंतीला कुठेही टेकू देऊ नका. दार भरीव लाकडाचं आणि जड, चारही बाजूंनी रबर सील. खालच्या फटीलासुद्धा. दारं दोन आणि मधे छोटी मोकळी जागा असली तर उत्तम. चालू बुलेटिनमध्ये कोणी आत आलं तरी बाहेरचा गोंगाट थेट शिरत नाही.

आतला घुमारा ०.३ ते ०.५ सेकंदाच्या आसपास यायला हवा. त्यासाठी कापडाने मढवलेले रॉकवूलचे जाड पॅनेल, भिंतीपासून थोडं अंतर सोडून. छताला तर हवेतच. १० फुटी स्लॅब आणि खाली चकचकीत टाइल असली की आवाज दोन्हींच्या मधे उड्या मारत राहतो.

मुळामुठा
माझं मत वेगळं आहे. मी पुण्यात डिजिटल चॅनेलचं मार्केटिंग बघतो. तुमचा बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर आहे, आणि अनेकजण आवाज बंद करून बघतात. जाहिरातदार स्टुडिओ बघायला येतो तेव्हा तो रॉकवूलची घनता विचारत नाही, तो भिंत बघतो. पहिल्या वर्षात तगायचं असेल तर दिसणं महत्त्वाचं. मी एलईडी वॉलच्या बाजूने आहे.

आवाजी
@मुळामुठा जाहिरातदाराचा मुद्दा मान्य. पण आवाज बंद करून बघणारा माणूस चर्चेचा कार्यक्रम बघत नाही. आणि चार पाहुणे एकदम बोलायला लागले की घुमणाऱ्या खोलीत कोण काय म्हणतंय तेच कळत नाही. आपल्याकडच्या चर्चा कशा होतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उन्हाळी_कूलर
मी इलेक्ट्रिकल आणि एसीची कामं करतो. वरचे सगळे बोलले, पण कोणी मे महिन्याचं नाव नाही काढलं. गच्चीखालचा हॉल आहे भाऊ. ४५ डिग्रीत दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. तुमचं संध्याकाळचं बुलेटिन नेमकं तेव्हाच. म्हणून आधी गच्चीवर इन्सुलेशन करा आणि वरून पांढरा थर द्या. एसीचं टनेज त्यानंतर काढा.

एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. जुन्या पद्धतीचे एक-एक किलोवॅटचे हॅलोजन दिवे १४ लावले तर फक्त दिव्यांसाठी चार टन एसी लागेल. तेच १०० वॅटचे एलईडी पॅनेल घेतले तर दिव्यांची सगळी उष्णता १.४ किलोवॅट, अर्ध्या टनातही निघून जाते. दिव्यांवर जास्त गेलेले पैसे वीजबिलात परत येतात, आणि अँकरचा मेकअपही टिकतो.

आता एसीचा आवाज. भिंतीवरचा स्प्लिट एसी अँकरच्या डोक्यावर नको. डक्टचा, म्हणजे हवा नळीतून सोडणारा घ्या, डक्ट नेहमीपेक्षा मोठा करा आणि हवा हळू सोडा. जाळीपाशी मिनिटाला ३०० ते ४०० फुटांच्या वर वेग गेला की सूं सूं माइकमध्ये येणार. डक्टला आतून अस्तर, मशीनला जोडताना कॅनव्हासचा तुकडा, बाहेरचं युनिट रबरावर. स्टुडिओच्या डोक्यावर गच्चीत ते युनिट ठेवून राहिले तर मात्र मी आत्ताच हात जोडतो.

आणि खर्च वाचवायला सर्व्हरच्या खोलीत कूलर लावायचा विचार कोणी करून राहिलं असेल तर करू नका. खसचा वास छान येतो, पण त्या ओल्या हवेत सर्किट गंजतात.

तर्री_पोहे
कूलरला नाही म्हणणारा नागपूरकर पहिल्यांदा पाहिला, तोही कूलर नावाचा!

उन्हाळी_कूलर
घरी दोन आहेत ना भाऊ. स्टुडिओत नको.

अर्थिंगचं राहिलं. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. जानेवारीत मोजलेला आकडा मे महिन्यात खरा राहत नाही. स्टुडिओच्या उपकरणांसाठी वेगळा खड्डा घ्या, एक ओहमच्या खाली आणा, मे महिन्यात पुन्हा मोजा आणि खड्ड्यात पाणी घालायचं काम कोणावर तरी नेमून द्या. नाहीतर स्पीकरमध्ये हम्म आणि स्क्रीनवर आडवे पट्टे.

कॅमेरे, स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बदलणारं यंत्र), ऑडिओ, कॉम्प्युटर ऑनलाइन यूपीएसवर, म्हणजे लाइट गेली तरी क्षणभरही न थांबणाऱ्या. दिव्यांपैकी निदान अँकरचे तोंडावरचे दिवे पण यूपीएसवर घ्या. मृगाच्या तोंडावर वावधान सुटलं की लाइट जाणार हे धरूनच चाला. जनरेटर उचलेपर्यंत अंधारात बातमी वाचायची वेळ येऊ नये. एसी यूपीएसवर टाकू नका.

धंतोली_डायरी
मी निवेदिका आहे, आधी केबलवर आणि आता डिजिटलवर. क्रोमाबद्दल एक गोष्ट पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही म्हणून लिहिते. हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा घातलेली बाई बसली की तिच्या मनगटावर भोकं दिसतात. बांगड्यांच्या जागी मागचं दृश्य. श्रावणात, हळदीकुंकवाच्या दिवसांत, नवीन लग्न झालेल्या पाहुण्या आल्या की काय करणार? एका ठिकाणी पाहुण्या बाईंना मेकअप रूममध्ये बांगड्या उतरवायला सांगितलं होतं. त्यांचा चेहरा पडला तो कार्यक्रम संपेपर्यंत तसाच होता. हिरवी पैठणी, हिरवे काठ, कुंदनातला पाचू, सगळ्यांचं हेच.

मग लोक म्हणतात निळा पडदा लावा. नागपुरात? १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा झाली त्या शहरात निळा रंग हा किती घरांचा आपला रंग आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या चर्चेला पाहुणे निळं उपरणं घेऊन येतात. त्यांना ते काढून ठेवा म्हणायची माझी तरी तयारी नाही.

कॅमेरामागचा
@धंतोली_डायरी ताई, हा मुद्दा कुठल्याच व्हेंडरच्या कोटेशनमध्ये नसतो. फार बरं झालं लिहिलंत.

क्रोमाचं तांत्रिक अंगही सांगतो. पडदा आणि माणूस यांत निदान सात-आठ फूट अंतर लागतं, नाहीतर हिरवी झाक केसांवर आणि खांद्यांवर चढते. पडद्याला वेगळे दिवे, माणसाला वेगळे, आणि पडद्यावरचा उजेड सगळीकडे सारखा. स्वस्त कॅमेरे रंगाची माहिती ४:२:० अशी कमी करून देतात, त्यात केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. निदान ४:२:२ सिग्नल, ज्यात रंगाची माहिती जास्त असते, कॅमेऱ्याच्या एसडीआय केबलवरून थेट घ्या. हे सगळं नीट करायचं म्हटलं तर क्रोमा काही स्वस्त राहत नाही. अधूनमधून लागणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे निवडणुकीचे आकडे, हवामान, यासाठी एका कोपऱ्यात ठेवायला मात्र चांगला.

मिरगाचा_पाऊस
ग्राफिक्सवाला आहे. मला दुसराच मुद्दा मांडायचाय, तो म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीत दिसणारी मराठी.

अजूनही पुष्कळ वार्ताहर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवतात. ते तसंच प्रॉम्प्टरमध्ये, म्हणजे अँकर ज्यावर बघून वाचते त्या स्क्रीनवर, टाकलं की चिनी दिसतं. पहिल्या दिवसापासून युनिकोडचा आग्रह धरा. काही परदेशी ग्राफिक्स सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं मोडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. विकत घेण्याआधी डेमोत "विद्यार्थ्यांनी", "कृत्रिम", "सुहृद", "तऱ्हा" असे शब्द टाइप करून बघा. शिवाय मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. मराठी वळणाचा फॉन्ट घ्या, वाचणाऱ्याला आपलं वाटतं.

कॅस्परसीजी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने, म्हणजे एसव्हीटीने बनवलेलं. ते एचटीएमएल टेम्पलेट चालवतं, त्यामुळे देवनागरी ब्राउझरमध्ये दिसते तशीच नीट येते. त्याच्यासाठी पैसे लागत नाहीत, एक बरं ग्राफिक्स कार्ड आणि शिकायला धीर लागतो.

मुळामुठा
ताईंचा मुद्दा वाचून क्रोमा बाद झाला असं मीही म्हणतो. मग उरली एलईडी वॉल. माझं म्हणणं तेच होतं.

कॅमेरामागचा
थांबा, वॉलचंही गणित आहे.

वॉलच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे पिच. पी २.५ म्हणजे अडीच मिलिमीटर. १२ फूट म्हणजे सुमारे ३६५० मिलिमीटर. पी १.८ घेतली तर आडवे २००० च्या आसपास पिक्सेल बसतात, म्हणजे फुल एचडी चित्र जवळजवळ जसंच्या तसं. पी २.५ मध्ये दीड हजारही भरत नाहीत. मोठ्या चित्राला चालेल, बारीक अक्षराला नाही.

कॅमेऱ्याने वॉल बघितली की मॉयरे येतो, लाटांसारखी नक्षी. अँकरला वॉलपासून आठ-दहा फूट पुढे बसवा, कॅमेऱ्याचं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) उघडं ठेवा, फोकस डोळ्यांवर. वॉल थोडी धूसर झाली की नक्षी जाते. तुमच्या ३० फुटांत १० फूट इथे गेले, अँकरपासून कॅमेरा १२ फुटांवर, कॅमेरामनला मागे जागा. बसतंय, पण ऐसपैस नाही.

वॉलचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ३८४० हर्ट्झ तरी असावा. ब्राइटनेस स्टुडिओत २० टक्क्यांच्या आसपासच लागतो, आणि इतका कमी केल्यावर रंग तुटतात का हे डेमोतच बघा. शोरूममध्ये सगळ्या वॉल पूर्ण उजेडात चांगल्याच दिसतात. तुमचाच कॅमेरा घेऊन जा आणि काळ्याकडून करड्याकडे जाणारं चित्र लावायला सांगा. पायऱ्या दिसल्या तर उठून या.

उंचीचा प्रश्न यापेक्षा मोठा. मुख्य दिवा चेहऱ्यावर ३० ते ४५ अंशांतून पडायला हवा. बसलेल्या अँकरचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर धरा. दिवा नऊ फुटांवर लावला तर तो पाच ते साडेआठ फूट पुढे असेल तेव्हा हा कोन मिळतो. म्हणजे बसून बातम्यांना तुमचा हॉल चालतो. पण १२ फूट रुंद वॉल १६:९ मध्ये जवळजवळ पावणेसात फूट उंच होते. तिच्यासमोर उभं राहून, फिरत बातम्या सांगायच्या म्हटल्या तर मोठ्या शॉटमध्ये दिवे आणि बीम फ्रेममध्ये येणार. तुम्ही उभ्याने करणार की बसून?

बुटीबोरी_लोकल
मी फर्निचर आणि सेटची कामं करतो. तिसरा रस्ता का नाही? मागे खरा सेट बांधा. प्लायवूड, मॅट लॅमिनेट, खोली दिसेल असे दोन-तीन थर, फटींमधून एलईडी पट्ट्या. मधे ७५ किंवा ८६ इंची डिस्प्ले एक-दोन. चकाकणारं काहीच नको. टेबलावर काच नको, दिव्यांचं प्रतिबिंब थेट कॅमेऱ्यात येतं. खालच्या टाइलवर मॅट विनाइल टाका. सेट चाकांवर केला तर चर्चेच्या दिवशी फिरवून वेगळी बाजू दाखवता येते.

धंतोली_डायरी
यात प्रॉम्प्टरसाठी पैसे बाजूला ठेवा, तो मागाहून घेऊ म्हणू नका. कागदात बघून वाचणारी अँकर कितीही चांगली असली तरी नजर खाली जाते. आणि ऑपरेटर मराठी वाचणारा हवा. वाक्य कुठे तुटतं हे कळणारा.

आवाजी
अधिवेशनाचं लाईव्ह करणार म्हणालात म्हणून: फोनवरच्या वार्ताहराला स्टुडिओतला सगळा आवाज परत पाठवायचा, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. याला मिक्स मायनस म्हणतात. हे नसलं की त्याला स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकू येतं आणि तो अडखळतो. ऑडिओ मिक्सर घेताना निदान तीन-चार वेगळे ऑक्स आउटपुट, म्हणजे निवडलेला आवाज वेगळा बाहेर पाठवायच्या वाटा, आहेत का बघा. अँकरला कॉलर माइक दोन, एक बंद पडला तर दुसरा.

तर्री_पोहे
अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघाले की मॉरिस कॉलेज टी पॉइंटपाशी मोबाइलला रेंजच राहत नाही. गेल्या वेळी माझा साधा फोन लागत नव्हता. तुमचं लाईव्ह कसं जाणार?

मिरगाचा_पाऊस
बाँडिंगचं यंत्र लागतं, तीन-चार कंपन्यांची सिमकार्डं एकत्र जोडून एक वाट करतं. तरी गर्दीत सगळीच नेटवर्क एकदम गुदमरतात. सिव्हिल लाइन्समध्ये ओळखीच्या दुकानातून किंवा ऑफिसातून वायरचं ब्रॉडबँड मागून ठेवा. डिसेंबरच्या आधी, नोव्हेंबरातच.

कॅमेरामागचा
कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. तीनही एकाच मॉडेलचे घ्या, रंग जुळवायला आयुष्य जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ किंवा ५० फ्रेमवरच शूट करा, शटर सेकंदाचा ५० वा भाग. यूट्यूब बघून ३० वर सेट केलं की साधे दिवे लुकलुकताना दिसतात. दिवे घेताना टीएलसीआय, म्हणजे कॅमेऱ्यात रंग किती खरे येतात याचा आकडा, ९५ च्या वर आहे का विचारा. स्वस्त पॅनेलमध्ये लाल रंग मरतो आणि आपली सावळी कातडी राखाडी दिसते. मला याचा फार राग येतो. माणूस समोर छान दिसतो आणि स्क्रीनवर आजारी.

मुळामुठा
@कॅमेरामागचा गणित पटलं. १० फुटी छत असताना एवढी वॉल हवीच असं आता मी म्हणणार नाही. पण जाहिरातदाराला दाखवायला मधला मोठा डिस्प्ले सोडू नका, प्रायोजकाचं नाव तिथेच येतं. आणि फेब्रुवारी २०२१ चे डिजिटल बातम्यांचे नियम तुम्हाला लागू होतील. तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क साइटवर टाकावा लागतो. त्याचीही एक खुर्ची धरा.

नागनदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आम्ही चौघांनी हा धागा पुन्हा पुन्हा वाचला.

बसूनच बातम्या करायच्या. १२ फुटी वॉल रद्द. बुटीबोरी भाऊ म्हणतात तसा खरा सेट आणि मधे एक ८६ इंची डिस्प्ले. क्रोमा फक्त कोपऱ्यात, निवडणुकीसाठी, आणि तिथे पाहुण्यांना बसवायचं नाही. वाचलेले पैसे गच्चीचं इन्सुलेशन, डक्टचा एसी, जिप्समची भिंत, दोन दारं, यूपीएस आणि दिवे यांत. प्रॉम्प्टर पहिल्या यादीत.

मालकाशी बोललो. खिडक्या विटांनी बुजवायला नाही म्हणतो, आतून भिंत चालेल म्हणाला. एक अडचण उरली. बीम साडेआठ फुटांवर आहेत आणि दिवे नऊ फुटांवर हवेत. छताला रॉकवूल लावल्यावर आणखी दोन-तीन इंच जातील.

कॅमेरामागचा
दिव्यांचे पाइप बीमच्या खालून नेऊ नका, दोन बीमच्या मधल्या खणांत तुकड्यांनी बसवा. चपटी पॅनेल घ्या, फ्रेनेल (पुढे भिंग असलेले दिवे) लांब असतात. डेस्कची जागा बीमच्या नव्हे, खणाच्या हिशोबाने ठरवा. बीमचा नकाशा मापांसकट इथे टाका, मी दिव्यांच्या जागा आखून देतो.

आवाजी
आणि भिंत बांधायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करा, कोणी न बोलता. फोन चालेल, पण रेकॉर्डरचा ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद ठेवा. फाइल मला पाठवा, मग जिप्समचे थर दोन पुरतील की तीन लागतील ते सांगतो.

नागनदीकाठ
रविवारी सकाळी जाऊन दोन्ही करतो.

आवाजी
रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो. सोमवारी संध्याकाळी सात वाजता करा, तुमच्या बुलेटिनच्या वेळेला.

उन्हाळी_कूलर
सोमवारी मी पण येतो. गच्ची आणि मीटरची जागा बघून घेऊ.